दोघे मुलगे, दोन घरे : बीडच्या कॉलेजातल्या जोडप्यांसाठी

‘आम्ही दोघे मुलगे आहोत, एकाच कॉलेजात शिकतो, एकमेकांवर प्रेम आहे. आमच्यावर केस होऊ शकते का?’ बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इकडची मुले हा प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. त्यामागोमाग दुसरा येतो : ‘आम्हाला लग्न करता येईल का?’ तिसरा बहुतेक शेवटी येतो, तोही दबकत : ‘त्याच्या घरचे गावात वजनदार आहेत, आमचे आई-वडील ऊसतोडीला जातात. पुढे काय होईल?’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चार ओळींत संपतात. हा लेख मुख्यतः तिसऱ्यासाठी आहे.

आधी कायद्याचे उरकून घेऊ

- गुन्हा आहे का? नाही. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात सांगितले की, सज्ञान व्यक्तींनी संमतीने, खासगीत ठेवलेला संबंध हा कलम 377 खाली गुन्हा नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तर ते कलमच नाही. आजही कुणी ‘तीनशे सत्याहत्तर लावतो’ म्हणत असेल, तर तो नुसता धाक आहे.
- लग्न? कायदेशीर नोंदणी होत नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा विवाहाचा हक्क मान्य केला नाही. नोटरीचा शिक्का मारून ‘लग्नाचे सर्टिफिकेट’ देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.
- वय? दोघांनाही 18 पूर्ण झालेली हवीत. इथे सवलत नाही.

वयाचा मुद्दा अनेक जण उडवून लावतात, म्हणून थोडे थांबू. अकरावी-बारावीचे वर्ग पदवीच्या वर्गांसोबत एकाच आवारात भरतात. एकजण एस.वाय.ला आणि दुसरा बारावीत, ही जोडी आपल्याकडे सहज जमते. पण पोक्सो कायदा (2012) मुलगा-मुलगी असा भेद करत नाही आणि 18 च्या खालच्या मुलाची संमती मोजत नाही. घरच्यांना मोठ्या मुलाला तुरुंगात घालायचेच असेल, तर हे त्यांच्या हातातले पक्के हत्यार आहे. गावाकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख अंदाजे टाकण्याची पद्धत होती. न्यायालय मात्र शाळेचा दाखलाच पाहते. तेव्हा तोंडी वयावर जाऊ नका, दाखला बघा. अठरा पूर्ण व्हायची असतील तर थांबा.

तुमचा दोघांचा धोका सारखा नाही

समजा, एकजण केज तालुक्यातल्या एका वस्तीवरचा आहे, अनुसूचित जातीतला. आई-वडील दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातात ते उन्हाळा लागता परततात. तो वसतिगृहात किंवा स्वाधार योजनेच्या पैशांवर खोली घेऊन राहतो. दुसरा बीड शहरातला. वडिलांचे दुकान, गावाकडे बागायत, चुलते राजकारणात. कॉलेजला बुलेटवर येतो.

प्रेमात दोघे बरोबरीचे असतील. बोभाटा झाला तर मात्र बरोबरी राहत नाही. शहरातल्या मुलाला चार थपडा बसतील, फोन काढून घेतील, मामाकडे पुण्याला धाडतील आणि वर्षभरात सगळे शांत होईल. वस्तीवरच्या मुलाचे वसतिगृह जाईल. हजेरी 75 टक्क्यांखाली गेली की स्वाधारचा हप्ता अडकेल. ‘आमच्या पोराला नादी लावले’ म्हणत चार जण वस्तीवर जातील, तेव्हा घरात फक्त आजी आणि धाकटी बहीण असेल. आई-वडील उचल फिटल्याशिवाय टोळी सोडून येऊ शकत नाहीत.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : कुठे भेटायचे, कुणाला सांगायचे, फोटो काढायचा की नाही, घर कधी सोडायचे, हे सगळे ज्याचे जास्त जाऊ शकते त्याच्या सोयीने ठरवा. ‘मी आहे ना, काही होऊ देणार नाही’ हे वाक्य नेहमी बुलेटवाला बोलतो आणि ते मनापासून असते. पण चुलत्यांपुढे उभे राहायची वेळ येते तेव्हा त्याच्याही हातात काही नसते. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे त्याने आधीच जोडीदाराला खरे सांगावे.

पैशाचेही असेच. चहा, पेट्रोल, रिचार्ज, परीक्षेची फी सगळे एकाच खिशातून जाऊ लागले की दुसरा मिंधा होतो. मग नको असलेल्या गोष्टीलाही त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. फीसारखी मोठी रक्कम असेल तर उसनी म्हणून घ्या, यूपीआयवर तशी नोंद टाका, जमेल तशी फेडा. चहाला हिशेब नको, फीला असू द्या.

जातीवरून कुणी चारचौघांत शिवीगाळ किंवा मारहाण केली, तर अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, 1989 लागू होतो. तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. मात्र फिर्यादीत भांडणाचे कारण विचारले जाणार आणि तुमचे नाते कागदावर येऊ शकते. वकिलाशी बोलूनच मजकूर ठरवा. तक्रार करू नका असे मी म्हणत नाही. काय लिहिले जाईल हे माहीत असताना करा.

फोन आणि खोली

बहुतेक प्रकरणे फुटतात ती फोनमुळे. वस्तीवर एकच फोन तीन जणांत फिरतो, धाकटा भाऊ गेम खेळायला घेतो आणि वरून मेसेज येतो.

- लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका. ही सेटिंग प्रत्येक फोनमध्ये असते.
- गॅलरीतले फोटो गूगलवर आपोआप चढतात. दुकानाच्या कॉम्प्युटरवर तोच जीमेल उघडा असेल, तर वडिलांना ते बसल्या जागी दिसतात.
- उघडे फोटो काढू नका, पाठवू नका. ‘बघून डिलीट करतो’ यावर विसंबू नका. भांडण झाल्यावर माणूस बदलतो.
- लॉजवर दोन सज्ञान पुरुषांनी खोली घेणे बेकायदा नाही, पण गावाजवळच्या लॉजचा मॅनेजर तुमच्या मावशीच्या ओळखीचा असतो. आधारची झेरॉक्सही तिथेच राहते.
- सार्वजनिक बागेत किंवा एस.टी. स्टँडच्या मागे जाणे टाळा. सार्वजनिक ठिकाणच्या ‘असभ्य वर्तना’साठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 110 लावता येते. ते स्त्री-पुरुष जोडप्यांनाही लावतात, पण तुमच्या बाबतीत दंडाच्या पावतीपेक्षा घरी जाणारा फोन महाग पडतो.

ब्लॅकमेल झाले तर

डेटिंग ॲपवर गोड बोलून बोलावतात. आडबाजूला दोन-तीन जण दबा धरून असतात. व्हिडिओ काढतात, पैसे उकळतात. कधी हे काम वर्गातलाच मुलगा करतो. पैसे दिले की प्रकरण मिटत नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा मागणी येते. पहिली रक्कम देण्याआधी पुढील गोष्टी करा.

1. चॅट पुसू नका. नंबर, यूपीआय आयडी, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवा.
2. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 वर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.
3. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 308 (शिक्षा 7 वर्षांपर्यंत), धमकीसाठी 351, खासगी अंगाचे चित्रण पसरवण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66ई, ही कलमे लक्षात ठेवा.
4. गावच्या ठाण्यात जायची लाज वाटत असेल, तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ देता येतो. ते ठाणे तो इकडे वर्ग करते.

तक्रार ‘माझ्याकडून धमकी देऊन इतके पैसे घेतले’ एवढ्यावर ठेवा. तुम्ही कोण आहात, कुणावर प्रेम करता, याचा कबुलीजबाब देण्याची गरज नाही.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. पुरुषावर झालेल्या लैंगिक जबरदस्तीसाठी नव्या संहितेत स्वतंत्र कलम उरलेले नाही. 377 गेले तेव्हा तेवढा आधारही गेला. तरी मारहाण, डांबून ठेवणे, धमकी ही कलमे लागतात. असे काही घडले तर आधी दवाखाना गाठा. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितके चांगले. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे जा. एचआयव्ही-एड्स कायदा, 2017 नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. एरवीही दोघांनी सरकारी केंद्रात तपासणी करून घ्यावी, ती मोफत असते. माहितीसाठी 1097.

पोलिसांनी अडवले तर

हुज्जत घालू नका, पळू नका. कॉलेजचे ओळखपत्र दाखवा. ‘कोणत्या कलमाखाली?’ हे शांतपणे विचारा. फोन काढून घेत असतील तर पंचनामा आणि पावती मागा. अटक झाली तर मित्राला किंवा नातेवाइकाला कळवण्याचा, वकिलाशी बोलण्याचा आणि 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा तुमचा हक्क आहे. कुणाला कळवायचे ते नाव तुम्ही सांगायचे असते आणि ते वडिलांचेच असले पाहिजे असे नाही. म्हणून शांत डोक्याच्या एका मित्राचा नंबर आत्ताच पाठ करा. फोन जप्त झाल्यावर कुणाचा नंबर आठवत नाही.

कॉलेज आणि वसतिगृहात त्रास झाला तर

यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016 पासून लैंगिक कलावरून केलेला मानसिक-शारीरिक छळ रॅगिंग म्हणून धरला आहे. जातीवरून केलेला छळही त्यातच येतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. कॉलेज ढिम्म राहिले तर राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522.

लेखी अर्जाची ताकद आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. माजलगावला पोलीस दलात असलेले ललित साळवे यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती आधी नाकारली गेली. त्यांनी अर्ज, न्यायालय, शासन असा पाठपुरावा केला, परवानगी मिळाली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. नोकरीही राहिली. त्यांचा प्रश्न वेगळा होता, समलिंगी प्रेमाचा नव्हता. पण ‘बीडमध्ये असले काही चालत नाही’ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

घरी सांगायचे का?

सांगितलेच पाहिजे असा नियम नाही. सिनेमात सांगतात, कारण तिथे अडीच तासांत आई रडून मिठी मारते. तुम्हाला सांगायचेच असेल तर स्वतःला चार गोष्टी विचारा : उद्या घरातून काढले तर राहायला जागा आहे का? पुढच्या सत्राची फी कुठून येईल? मूळ कागदपत्रे माझ्या हातात आहेत का? आणि माझ्या सांगण्यामुळे *त्याचे* नाव उघडे पडते का?

चौथ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर त्याला विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. स्वतःविषयी सांगण्याचा हक्क तुमचा आहे, त्याच्याविषयी सांगण्याचा नाही.

सुरुवात बापापासून नको. आपल्याकडे अनेकदा थोरली बहीण, शिकलेला मामा किंवा वहिनी हे पहिले दार असते. सणावाराला, पाहुणे असताना, दारू प्यायलेल्या माणसासमोर किंवा आई-वडील कारखान्यावर असताना फोनवर सांगू नका. तिकडे कोपीवर, चार टोळ्यांच्या मध्ये, त्यांना रडायलाही आडोसा नसतो.

30 डिसेंबर 2017 रोजी यवतमाळला तिथल्याच एका तरुणाने आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी घरच्यांच्या साक्षीने विवाहसोहळा केला. त्याची बातमी देशभर गेली. मुले ती बातमी दाखवून म्हणतात, ‘बघा, विदर्भात झाले, आपल्याकडे का नाही?’ होईल की. पण त्या तरुणाची अमेरिकेत नोकरी होती, त्याच्या रोजच्या जेवणाचा प्रश्न घरच्यांवर अवलंबून नव्हता. त्या बातमीतून उचलायचे असेल तर एवढे उचला : आधी स्वतःची कमाई, मग घरी बोलणे.

डांबून ठेवले, डॉक्टरकडे किंवा बाबाकडे नेले तर

समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच ती आजारांच्या यादीतून काढली. मानसिक आरोग्य कायदा, 2017 सांगतो की, समाजाच्या नीतिकल्पनांत माणूस बसत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. ‘बरे करून देतो’ म्हणत औषधे किंवा शॉक देणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. असा डॉक्टर भेटला तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. आणि ‘बाहेरचे लागले आहे’ म्हणून कुणी भगत किंवा बाबा मारझोड करत असेल, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

सज्ञान मुलाला घरात कोंडणे हा आई-वडिलांनी केला तरी गुन्हाच (भारतीय न्याय संहिता, कलम 127). जोडीदाराने करायचे ते असे :

- 112 वर फोन करा. ‘मित्राला कोंडून मारहाण होते आहे’ एवढे पुरे.
- पोलीस हलले नाहीत तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात ‘हेबिअस कॉर्पस’ (कोंडलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे आणा, अशी) याचिका करता येते. ती मित्र किंवा जोडीदारही करू शकतो. 11 मार्च 2024 च्या देवू नायर निकालात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांना बजावले आहे : त्या व्यक्तीशी घरच्यांच्या गैरहजेरीत बोला, ती घरी राहायला नको म्हणत असेल तर तिला लगेच मोकळे करा आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलण्याचा प्रयत्न करू नका.
- वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, 15100. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. इतरांना वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर.

सोयरीक जुळवू लागले तर

‘एकदा लग्न झाले की सुधारेल’ हा सल्ला सगळीकडून येतो. यात ज्या मुलीला आणणार तिचा विचार कुणीच करत नाही. तुम्ही तरी करा. मनात एक असताना मांडवात उभे राहिलात, तर तिच्या आयुष्याचे वाटोळे करण्यात तुमचाही वाटा असेल. तीही फसवणुकीच्या आधारे न्यायालयात जाऊ शकते. मुलाला 21 पूर्ण होईपर्यंत लग्न कायद्यात बसतच नाही. त्यानंतर शिक्षण, स्पर्धा परीक्षा, नोकरी ही आपल्याकडे चालणारी कारणे आहेत. ती वापरा, पण पाच-सात वर्षांनी ती संपतात. तोवर पायावर उभे राहा.

पुण्याला निघून जायचे ठरवले तर

मुले रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जातात. सकाळी एकाच्या घरचे ‘मिसिंग’ दाखल करतात आणि पाठोपाठ दुसऱ्यावर पळवून नेल्याचा आरोप होतो. दुसरा म्हणजे जवळपास नेहमी गरीब घरातला. ते टाळण्यासाठी :

1. दोघांनी वेगवेगळे, स्वतःच्या हाताने लिहावे : ‘मी सज्ञान आहे, स्वखुशीने जात आहे, कुणीही मला फूस लावलेली नाही.’ तारीख, सही. जन्मतारखेचा पुरावा जोडून पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.
2. पोलिसांचा फोन आला तर टाळू नका. जवळच्या ठाण्यात वकिलासह जाऊन जबाब द्या. सज्ञान व्यक्तीने जबाब दिला की ‘मिसिंग’ बंद होते.
3. घरातले दागिने, रोकड, घराच्या नावावरची गाडी नेऊ नका. नेली तर चोरीची फिर्याद हमखास.
4. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता, आधार, बँक पासबुक आधीच हळूहळू हाताशी आणा. जात वैधता पुन्हा काढणे किती त्रासाचे आहे हे ज्याने काढली त्याला विचारा.
5. परीक्षा तोंडावर असताना जाऊ नका.

सरकारने आंतरजातीय, आंतरधर्मीय विवाह करणाऱ्या जोडप्यांसाठी जिल्हावार विशेष कक्ष आणि सुरक्षागृहांची व्यवस्था केली आहे. ती विवाह डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे, त्यामुळे तिच्या भरवशावर घर सोडू नका. संरक्षण मात्र मागता येते : पोलीस अधीक्षकांकडे लेखी, नाहीतर उच्च न्यायालयात.

खोली घेताना भाडेकरार दोघांच्या नावे करा आणि नोंदवा. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणे मालकावर बंधनकारक आहे. एकाच्या नावावर खोली असली की भांडणाच्या रात्री दुसऱ्याला रस्त्यावर काढता येते. पुन्हा तोच मुद्दा : ज्याचे जास्त जाऊ शकते त्याचे नाव कागदावर हवे.

पुढे कमावते झालात की आणखी थोडी सोय आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले की, अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतेही बंधन नाही. एका रेशनकार्डावर नाव घेण्याबाबतही राज्यांना कळवले आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सहीने होते. विसाव्या वर्षी ते सुचत नाही, हे मला कळते.

कुणाशी बोलायचे?

मन खचले, झोप उडाली, जीव द्यावासा वाटला तर 14416 (टेलिमानस). हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, खरे नाव सांगायची सक्ती नाही. समलिंगी मुलांसोबत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या संस्था म्हणजे मुंबईचा हमसफर ट्रस्ट, नागपूरचा सारथी ट्रस्ट. पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत पुस्तके लिहिली आहेत. ‘पार्टनर’ ही त्यांची कादंबरी वाचनालयात मिळाली तर वाचा आणि घरी न नेता तिथेच बसून वाचा.

वसतिगृहाचे गृहपाल, प्राध्यापक, प्राचार्य यांनाही एक विनंती. तुमच्याकडे अशी जोडी आली, तर पहिला फोन पालकांना करू नका. मुले सज्ञान आहेत का ते बघा, कुणाला धोका आहे ते विचारा आणि ऊसतोडीच्या घरातल्या मुलाची हजेरी व शिष्यवृत्ती तुटणार नाही एवढे पाहा. हे तुमच्या अधिकारात आहे.